जुन्या घाटात हॉर्न वाजला

साहेब, तुम्ही खोटं बोललात. चुकून नाही, माहिती कमी पडली म्हणूनही नाही. मांडवात, गळ्यात हार, हातात माईक, आणि खरं काय ते पुरतं ठाऊक असताना बोललात. तुमचं नाव मी इथे घालत नाही. घातलं तर तुमचा वकील नावावर भांडत बसेल आणि सोमाच्या पायाबद्दल कुणीच बोलणार नाही.

मी भिकन. नाशकात पेठ नाक्याजवळ माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. डायनॅमो, सेल्फ, वायरिंग, हॉर्न. दिंडोरीकडचे खंडेराव एके दिवशी टेम्पोवर चढवून एक जुनी गाडी घेऊन आले. खंडेराव मोठे द्राक्षवाले, बागेतच पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात, तिथे दारात उभी करायला त्यांना जुन्या गाड्या लागतात. ही होती लांब टपाची जीप, मागे दोन्ही बाजूंना बाक, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. सायीसारखा रंग दिलेला, चाकं चकचकीत. पण दारावर उन्हाची तिरीप पडली की रंगाखालून जुनी अधिकची खूण वर यायची. दवाखान्याची.

"कुठून मारली?" मी विचारलं.

"मारली काय, लिलावात घेतली. सरकारी भंगारात. वर्षानुवर्षं सडत होती. इंजिन केलं, पत्रा केला, आता हॉर्न तेवढा मुका राहिलाय."

"नवा टाकतो. चहा येईस्तोवर होईल."

"नवाच टाकायचा तर तुझ्याकडे कशाला आलो असतो, भिकनशेठ? रविवारी जुन्या गाड्यांची रॅली आहे. परीक्षक बोनेट उघडून बघतात. सगळं मूळचं लागतं. आवाजसुद्धा."

"आवाजावर काय शिक्का असतो का?"

"मला ठाऊक आहे ना तो. आमच्या शिवारातून जायची ही गाडी पेठकडं. म्हैस हंबरल्यागत आवाज. तो काढून दे."

काढून दिला. हॉर्न उघडला तर आत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं. पडदा गंजलेला, पॉइंट काळे ठिक्कर. घर खरवडून काढलं, पॉइंट पॉलिश पेपरने घासले, पडद्याखाली नवा कागद कापून बसवला. सहा व्होल्टची गाडी, तिला हल्लीची बारा व्होल्टची बॅटरी लावली तर कॉइल जळून जाईल, म्हणून बॅटरीसुद्धा शोधून आणावी लागली. मग मागचा स्क्रू पाव पाव आटा फिरवत बसलो. आधी खोकला, मग बेडूक, मग एकदम तो आला. खालच्या पट्टीतला, लांब, पोटातून निघणारा.

शेजारचा चहावाला मयूर गाळणं हातात घेऊन बाहेर आला. "भिकनभाऊ, दुकानात रेडा बांधला का?"

"बांधला. तुला ओवाळायला यायचंय का?"

हसलो आम्ही. तेव्हा हसू येत होतं.

पण एक खोड राहिली. उभ्या गाडीत हॉर्न ठीक. गाडी चालती झाली आणि वळणावर स्टेअरिंगवर जोर आला की कधी मुका व्हायचा, कधी आपोआप बोंबलायचा. हॉर्नची वायर स्टेअरिंगच्या नळीतून वर बटणापर्यंत जाते. ती कुठेतरी आत घासत होती. नाशकात सपाट रस्त्यावर, सिग्नलच्या गर्दीत हे सापडत नाही. त्याला वळणं लागतात, एकामागून एक. आणि रस्ता मोकळा लागतो, नाहीतर लोक मारतील.

म्हणून पेठ रस्त्यावरचा जुना घाट. नवा रस्ता झाल्यापासून तिकडे गाड्या जात नाहीत. गुरं, मोटरसायकली, लाकडाच्या मोळ्या, एवढंच. गुरुवारी सकाळी मी आणि खंडेरावांचा मुलगा रोहित निघालो. रोहित गाडी चालवणार, मी ऐकणार. पोरगा चांगला आहे. बापाच्या गाडीला ओरखडा गेला तर जेवणार नाही, असला.

घाटात प्रत्येक वळणाला मी म्हणायचो, "दाब." तो दाबायचा. एका मोठ्या वळणावर हॉर्न अडकला तो सुटेचना. पुढे घाटात गाडी उभी करण्याजोगी एकच जागा आहे, डोंगराच्या कुशीत, बाजूला एक लांब दगडी ओटा. तिथे उभी केली. स्टेअरिंगचं बटण काढलं, खालची स्प्रिंग काढली, ताणून परत बसवली. दाबून बघितलं. लांब. पुन्हा स्क्रू. पुन्हा दाबलं. लांब. समोरच्या डोंगरावरून तो आवाज परत यायचा आणि रोहित खूश व्हायचा. "भिकनकाका, काय घुमतोय! अजून एकदा." मीही खूश. अजून एकदा, अजून एकदा. केवढा वेळ गेला कळलं नाही.

मग वर झाडीतून माणसं उतरायला लागली.

आधी एक म्हातारा आला, खोकत. मागून दोन बायका, एकीच्या कडेवर तान्हं पोर, पोराच्या डोक्यात खरजेच्या खपल्या. मग आणखी. कुणी आमच्याशी बोललं नाही. ओट्याजवळ जाऊन ओळीत बसली. त्यांच्या हातांत बाटल्या होत्या. दारूच्या, सरबताच्या, औषधाच्या, घासूनपुसून धुतलेल्या रिकाम्या बाटल्या. एकीने बाटलीला बूच नाही म्हणून दाणे काढलेल्या कणसाचा बुरकुंडा कापून बसवला होता.

रोहित माझ्या कानाशी आला. "काका, हे काय आहे? पाणी मागतायत का?"

मी म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, काय पाहिजे?"

"पातळ औषीद," तो म्हणाला. "छातीचं. लाल मिळायचं तेच दे. गोळ्या नको, गोळ्यांनी पोट जळतं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, साहेब. गाडी दवाखान्याची होती हे मला ठाऊक होतं. पण तो आवाज कुणाच्या कानात घर करून बसलाय, हे मला काय ठाऊक? फिरता दवाखाना याच ओट्याशी उभा राहायचा, कारण दुसरी जागाच नाही. लांब हॉर्न द्यायचा. वरच्या पाड्यांवरून लोक उतरायचे, बाटल्या घेऊन, कारण औषध न्यायला बाटली घरूनच आणायची असा दवाखान्याचा नियम.

"बाबा, ही आता दवाखान्याची गाडी नाही. आम्ही हॉर्न दुरुस्त करतोय."

म्हातारा दारावरच्या खुणेकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, मी डॉक्टरच्या आधी येऊन थट्टा करणारा ड्रायव्हर आहे.

तेवढ्यात एक बाई धावत आली. पन्नाशी-साठीची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, दम लागलेला. तिने सरळ गाडीचं मागचं दार उघडलं, आत वाकून बघितलं.

"उज्वलाबाई कुठं?"

"कोण उज्वलाबाई?"

"डाक्तरीण. सायेब बोलला, गाडी येल. बाई नसंल तर दुसरा डाक्तर असंल. कुठं हाय तो?" तिने माझा हात धरला. "दादा, जाऊ नको हां. थांब. माझ्या सोमाला आनतायत. पाय सुजलाय, काळा पडलाय. मागल्या वाटनं नेत व्हते, तुमचा आवाज आला तसा मी सांगितलं, फिरा. गाडी आली. आपली गाडी आली."

ही भागीबाई. सोमा तिचा मुलगा. जांभूळमाळ नावाच्या पाड्यावर राहतात. सोमा द्राक्षाच्या छाटणीला गेला होता, तिथे कात्रीने पाय कापला. हळद भरली, चालत राहिला, घरी आला, पडला. अंगात ताप भरला. त्या दिवशी सकाळी त्याला खाटेवर घालून चौघे जण मागच्या वाटेने निघाले होते. मागची वाट डोंगरापलीकडे डांबरी रस्त्याला लागते. तिथून सकाळी काळी-पिवळी जीप सुटते तालुक्याला. अर्ध्या वाटेवर होते. आणि मी इथे हॉर्न दाबत होतो. लांब. अजून एकदा. अजून एकदा.

ते फिरले.

मी भागीबाईला म्हणालो, "मावशी, ओरडून सांग त्यांना. परत मागे जा म्हणावं. इथे डॉक्टर नाही."

"नाय कसा? सायेबानं मांडवात सांगितलं. मागल्या महिन्यात, बाजाराच्या गावी. सगळ्यांना बोलवलं व्हतं. बोलला, तुमची जुनी गाडी पुन्ना येनार. तोच आवाज आयकाल, आन् समजाल, सरकार आलं."

हे तुमचे शब्द आहेत, साहेब. मी नंतर चार जणांना विचारले, चौघांनी तसेच सांगितले. 'तोच आवाज ऐकाल.' टाळ्या पडल्या म्हणे. तुम्ही बोललात तेव्हा ती गाडी खंडेरावांच्या शेडमध्ये उभी होती. लिलाव तुमच्या खात्याने केला, तुमच्या सहीने केला; कागद खंडेरावांकडे आहे. जी गाडी तुम्ही स्वतः विकलीत ती परत येणार असं तुम्ही त्या लोकांना सांगितलंत. नवी गाडी येईल म्हणाला असतात तरी एक वेळ चाललं असतं. लोक नव्या हॉर्नची वाट बघत बसले असते आणि सोमा मागच्या वाटेने पोचला असता. तुम्हाला टाळी हवी होती, म्हणून तुम्ही जुन्या आवाजाला हात घातलात.

खाट दिसायला बराच वेळ लागला. काळी-पिवळी केव्हाच गेली असणार. रोहितने फोन लावला, रेंज येत-जात होती. ॲम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली, यायला वेळ लागेल. किती, ते सांगता येत नाही.

"काका, आपण निघू. हे आपलं काम नाही."

"मग कोणाचं?"

"मला काय माहीत? पण गाडीत काही झालं तर? पप्पा..."

"पप्पांना लाव फोन."

खंडेरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सतरंजी टाका खाली. आणि सावकाश आणा, ब्रेक पक्के नाहीत तिचे." त्यांना वाईट म्हणणार नाही मी. सतरंजी आधी आठवली, हेही लपवणार नाही.

सोमाला बाकावर आडवा केला. चाळिशीचा माणूस, अंगाने काटक. पायाला गुंडाळलेल्या फडक्याचा वास गाडीत भरला. त्याने डोळे उघडून टपाकडे बघितलं आणि आईला विचारलं, "सुई देतील का?"

"देतील, बाळा. आपल्याच गाडीत हाय तू."

बाकीचे उठून उभे राहिले होते. म्हाताऱ्याने बाटली पुढे केली. मी म्हणालो, "बाबा, नाही." त्याने ती तशीच पुढे धरून ठेवली. तान्ह्या पोराची आई म्हणाली, "आमाला पुढच्या खेपेला का?" मी दार लावून घेतलं.

उतारावर पहिल्याच मोठ्या वळणाला हॉर्न आपोआप सुरू झाला. वजन मागे पडलेलं, स्टेअरिंग ओढत होतं, वायर चिकटली. बंद होईना. रोहित बटण उचकटतोय, मी खाली वाकून बघतोय, आणि घाटभर तो हंबरतोय. पुढच्या पाड्याच्या तोंडाशी आलो तर माणसं उभी. बाटल्या घेऊन. एकजण तर रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात वर करून, गाडी थांबवायला.

रोहितने बाजूने काढली. तो माणूस मागे धावत आला. आरशात दिसत होता. बाटली हातात.

"काका, बंद करा हो! बंद करा!" रोहित रडायच्या बेताला आला होता.

"वळणं आहेत. हॉर्न नको का?"

"मी ओरडतो! तुम्ही बंद करा!"

गाडी थांबवली, बोनेट उघडलं आणि जी वायर चार दिवस खपून बसवली होती ती हॉर्नपासून उपटून टाकली. मग घाट संपेपर्यंत रोहित खिडकीबाहेर डोकं काढून प्रत्येक वळणाला ओरडत होता, "ए होऽऽ! बाजूला!" आणि मागे भागीबाई सोमाच्या कपाळावर हात ठेवून मला विचारत होती, "दादा, भोंगा का थांबवला? वाजूंदे की. लोक वाट देतील."

मी उपटलेली वायर मुठीत गुंडाळून घेतली.

नाशकात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि आम्हाला बाहेर काढलं. संध्याकाळी एक तरुण डॉक्टर बाहेर आला. तो माणूस सरळ होता, घुमवून बोलला नाही. विष वर चढलं होतं. गुडघ्याखाली पाय काढला. "सकाळी हातात आला असता तर बहुतेक घोट्यापाशी थांबवलं असतं," तो म्हणाला. "कुठे वेळ गेला?"

रोहितने माझ्याकडे बघितलं. मी भागीबाईकडे. तिने सांगितलं, "गाडी आली म्हून फिरलो ना आमी."

डॉक्टरला ते कळलं नाही. तो पुढच्या पेशंटकडे गेला.

खंडेराव रात्रीचा डबा घेऊन आले. भागीबाईशी दोन शब्द बोलले, सोमाला बघून आले. निघताना मला बाजूला घेतलं. "भिकनशेठ, वाईट झालं. तू तुझं केलंस." मग खांद्यावर हात ठेवून, अगदी हळू, "वायर जोडून देतोस ना उद्या? रविवार तोंडावर आलाय."

"नाही."

"अरे, तुझ्यावर कोण बोट दाखवतंय?"

"नाही म्हणालो ना, खंडेराव."

त्यांनी दुसऱ्याकडून जोडून घेतली. काम अवघड नव्हतंच.

रविवारी मी रॅलीला गेलो. उद्घाटनाला तुम्ही होतात. फीत कापलीत. गाड्यांच्या रांगेतून हात हलवत चाललात आणि त्या सायीच्या रंगाच्या जीपपाशी थांबलात. खंडेरावांनी दार उघडून दिलं. तुम्ही आत बसलात, फेटा सावरलात, फोटोवाल्याकडे बघितलंत आणि हॉर्न दाबलात. लांब. लोक हसले. तुम्ही म्हणालात, "वा! काय दमदार आवाज आहे. आताच्या गाड्यांत ही गंमत नाही." पुन्हा दाबलात.

मी गर्दीतून पुढे आलो. "साहेब, ही गाडी ओळखली का?" असं मोठ्याने विचारलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. बघितलंत, नाही म्हणू नका. तुमच्याबरोबरचा एकजण मध्ये आला, "नंतर, नंतर भेटा, अर्ज द्या," असं म्हणत त्याने माझ्या छातीवर पंजा ठेवला आणि मला मागे ढकललं. तुम्ही पुढच्या गाडीकडे गेलात.

तिथून मी तडक दवाखान्यात आलो. सोमा झोपला होता. भागीबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेली. शेजारी पिशवी, पिशवीत धुतलेली रिकामी बाटली. मी जवळ बसलो. तिने पिशवी मांडीवर ओढली. मग म्हणाली, "दादा, गाडी पुन्ना कदी येल? पाड्यावर इचारतील. सोमाच्या पट्ट्या बदलायच्यात, तवा खाटंवर घालून खाली आनू का मागनं नेऊ? काय सांगू लोकांना?"

"मावशी, माझी गाडी नाही ती. मी फक्त हॉर्न नीट करणारा."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कोडं पडलेल्या माणसाने बघावं तसं.

"मंग वाजवला कशाला?"

साहेब, मी वाजवला, कारण मला दुरुस्त करायला दिला होता. माझं उत्तर एवढंच आहे. ते तोकडं आहे, मला ठाऊक आहे, आणि तिला ते पटलंही नाही. पण मी दिलं, तिच्यासमोर बसून.

आता तुम्ही द्या. अर्ज देणार नाही मी, तुमच्या बंगल्यावरही येणार नाही. तुम्ही जांभूळमाळावर या. गाडी वर जात नाही, चालत या. भागीबाईसमोर, सोमासमोर, त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्यासमोर बसा आणि सांगा: दवाखान्याची गाडी येणार आहे की नाही? येणार असेल तर कोणत्या दिवशी? नसेल, तर तुम्ही मांडवात तसं का बोललात?

हो की नाही, साहेब? मी वाट बघतोय. बोला.